पुस्तकातला प्रेमदास

आमच्या घरचे सहा दिवस वर्ध्याच्या जिनिंगात कापसाच्या गाठी मोजत आन् आइतवारी ब्रह्मदेशात जाऊन लढत. बायको म्हणून मी दोन्ही सहन केलं. गाठी मोजणाऱ्या माणसाचं एक बरं असते, तो संध्याकाळी सायकलवर बसून बोरगावले घरी येते. लढणारा मात्र दिवसभर छपरीतच बसून राह्यते आन् घडीघडी चहा मागते.

पुस्तकं स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडून यायची. मेलगाडीत मोठे लोक पुस्तक वाचत आन् संपलं का शीटवर टाकून उतरून जात. आमच्या घरच्याईले त्याच्यातली एकच जात आवडे. फौजी साहेबाईनं लिहिलेल्या आपल्या आठवणी, त्यातही गुपचूप काम करणाऱ्या पलटणीच्या. विमानातून छत्री घेऊन उडी मारायची, शत्रूच्या पाठीमागं जंगलात उतरायचं, पूल उडवायचा आन् पळून यायचं. एखादी पोथी आणा म्हणलं तं कानावर घेत नसत. घरोघरी चरखा फिरणारा आमचा मुलूख, आन् आमच्या छपरीत हातगोळे फुटत.

ऐकाले येणारे दोघं पक्के होते. एक शेजारचे अण्णाजी शिंपी आन् दुसरे मागच्या घरचे गोमाजी काकाजी. आणखी दोघं-चौघं यायचे, पण ते चहाचे.

वाचायची तऱ्हा अशी का पुस्तक इंग्रजी. आमच्या घरचे एक पान मनात वाचत, मंग पुस्तक मांडीवर पालथं ठेवून आपल्या बोलीत सांगत. पण गोऱ्याईची नावं कोणाच्याच ध्यानात राहत नसत. कोण मेला आन् कोण वाचला याच्यात घोळ व्हाये. मंग अण्णाजीनं तोड काढली. नवीन पुस्तक निघालं का पहिल्या आइतवारी नावं वाटून घ्यायची. मोठ्या साहेबाले आनंदराव म्हणायचं, वायरलेसवाल्याले हिरालाल, बिड्या फुंकणाऱ्या हवालदाराले अण्णाजी. बारसंच व्हाये म्हणा न आमच्या छपरीत, फक्त घुगऱ्या वाटायच्या राह्यल्या.

एका पुस्तकात तो हवालदार अण्णाजी नदीत वाहून गेला, तं आमचे अण्णाजी रुसून घरी बसले. 'माहं नाव देऊन बुडवलं मले,' म्हणे. मंग आमच्या घरच्याईनं पुढच्या पुस्तकात त्याईच्या हातून एक मोठा पूल उडवला, तवा कुठं गडी पुन्हा चहाले आला. मी हसली होती तवा. आता हसू येत नाई.

गोमाजी काकाजी कधी कोणाचं नाव सुचवत नसत. खांबाले टेकून बसत आन् ऐकत. त्याईचा एकुलता एक पोरगा प्रेमदास लढाईत शिपाई म्हणून गेला आन् ब्रह्मदेशातून आलाच नाई. मेल्याचा निरोप नाई, जित्याचा नाई. सरकारनं बेपत्ता म्हणून कळवलं आन् हात झटकले. बुढा आमच्याकडे लढाई ऐकाले येतच नव्हता. तो पोराचा मुलूख ऐकाले येये. तथी पाणी कसं आहे, भात भेटते का, जंगलात साप किती, हेच विचारे.

आन् घरात त्याईची सून, शकू. अंगाची हळद उतरली नव्हती तं नवरा फौजेत गेला. तवापासून सासऱ्याचं रांधते, वावरात राबते, सकाळी आंघोळ करून कुंकू लावते. कोणासाठी लावते ते तिलेही माहीत नाई.

आमच्याकडे रीत अशी का बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाह्यची. मंग दर्भाचा आन् पळसाच्या पानाईचा पुतळा करून त्याले अग्नी द्यायचा, दहावा-तेरावा करायचा, तवा ती बाई रांडाव होते. रांडाव झाली का तिचा पाट, म्हणजे दुसरं लगन, लागू शकते. तोवर ती लटकलेली. शकूले दुसरं घर करासाठी आधी बांगड्या फोडणं भाग होतं, आन् तो पुतळा जाळणं सासऱ्याच्या हातात होतं.

बारा वर्षं भरत आलती. आष्टीकडचा नत्थूजी म्हणून एक जण सांगून आला. बायको बाळंतपणात गेलेली, घरी वीतभर पोरगी. शकू आष्टीच्या बाजाराले आपल्या मावशीसंग गेली, तथी पाहणं झालं. पोरगी शकूच्या मांडीवर झोपून गेली आन् नत्थूजीनं उचलली तं रडाले लागली. घरी आल्यावर शकू मले म्हणे, 'बाई, लुगड्याले तिच्या लाळेचा डाग पडला, पण धुवावा वाटत नाई.' एवढ्या वर्षांत या पोरीनं स्वतःसाठी काही मागतलेलं मी ऐकलं नव्हतं.

काकाजी मोठ्या मनाचे. म्हणे, 'पोरीनं माह्यासाठी लय केलं, आता तिचं होऊ द्या.' संक्रांत सरली का पुतळा आन् मंग पाट, असं ठरलं. अण्णाजीनं नत्थूजीच्या पोरीसाठी फुलाफुलाचा फ्राक शिवाले घेतला. मी शकूले म्हणलं, आता तुह्या मागची साडेसाती गेली.

त्याच दिवसाईत नवीन पुस्तक निघालं. नावं वाटायच्या आइतवारी काकाजी पाटाचं बोलाले आष्टीले गेलते. पुस्तकात एक शिपाई होता, पाय मोडला म्हणून पलटण त्याले जंगलात ठेवून पुढं गेली होती. अण्णाजी म्हणे, 'याले प्रेमदास म्हणू. पोट्ट्याले आता अग्नी द्यायचा आहे, त्याच्या नावानं एक तरी लढाई होऊ द्या.' आमच्या घरच्याईचे डोळे पाणावले. मी आतून म्हणलं, 'काकाजीले इचारा तं खरं.' पण कोणी कान दिला नाई. लढाई चालू असली का बाईचं कोण ऐकते.

पुढच्या आइतवारी काकाजी आले आन् खांबाले टेकून बसले. आमच्या घरचे रंगात आलते. प्रेमदासानं दात-ओठ खाऊन पाय ओढला, नाल्यापाशी गेला, तथी बेशुद्ध पडला, पहाडातल्या लोकाईनं त्याले उचलून आपल्या झोपडीत नेलं. काकाजीनं हातची कपबशी खाली ठेवली.

'कोण प्रेमदास?' काकाजीनं विचारलं.

नाव आमी ठेवलं, एवढंच सांगायचं होतं. काकाजीले ही रीत काय नवीन होती? अण्णाजी बुडले तवाही थे तथीच बसले होते. पण बुढ्याचं तोंड पाहून आमच्या घरच्याईची जीभ उचलली नाई. थे म्हणे, 'पुस्तक खरं आहे, काकाजी. लिहिणारा साहेब सोता तथी होता.'

'मंग नाव बी साहेबानंच लिहिलं असंल,' काकाजी म्हणे.

आमच्या घरच्याईनं पुढचं पान उलटलं. अण्णाजी खाली मान घालून सुईत दोरा ओवत बसले. काकाजी कपातला चहा तसाच ठेवून उठून गेले.

मी घरच्याईले म्हणलं, 'आत्ताच जा आन् सांगून या.' थे म्हणे, 'सांगतो. पुढं काय होते ते तं पाहू दे.' पुढं काय होते ते त्याईनं त्याच दिवशी वाचून घेतलं. पुस्तकातला तो शिपाई ताप येऊन त्याच झोपडीत मेला होता. मले हे सांगतलं तवा त्याईचा चेहरा असा झाला जसं आपल्याच घरचं कोणी गेलं.

पण आमच्या छपरीत प्रेमदास मेला नाई. पुढचे आइतवार आमच्या घरचे पान उलटत आन् मनचंच सांगत. प्रेमदास काठी घेऊन चालाले शिकला. पहाडातल्या लोकाईची बोली शिकला. त्याईच्या बकऱ्या चाराले नेऊ लागला. काकाजी विचारत, 'दुबळा झाला असंल न जी?' आन् आमच्या घरचे म्हणत, 'पह्यले होता, आता बरा आहे.' अण्णाजीही मधात मधात एखादी बकरी घालत. खोटं बोलून राह्यलो असं त्याईले वाटतच नव्हतं. एवढी पुस्तकं ऐकली होती का जंगलात हरवलेला शिपाई परत येते हे त्याईले सूर्य उगवते तसं वाटाले लागलं होतं.

संक्रांत सरली. मी काकाजीले म्हणलं, पुतळ्याचं कवा करता? काकाजी माह्याकडे असे पाह्यले जसं मीच काही वंगाळ बोलली. म्हणे, 'जित्या माणसाले जाळू काय, रुख्माबाई?'

शकू माह्या चुलीपाशी येऊन बसली. म्हणे, 'बाई, थे बकऱ्या चारून राह्यले म्हणे.'

'तुले खरं वाटते काय?'

'मले त्याईचं तोंड आठवत नाई,' ती म्हणे. 'मी काय सांगू?'

मले माह्या नवऱ्याचा असा राग आला का काय सांगू. माह्या सासरच्याईचाही कधी आला नाई तेवढा आला. नत्थूजीचा निरोप आला का होळीपर्यंत थांबतो, पोरीले कोणीतरी पाहणारं पाह्यजे. त्याचंही चूक नव्हतं. फ्राक अण्णाजीच्या मशीनवर तसाच पडून होता, एक बाही लावायची राह्यलेली. होळी जवळ आली तवा मी ते पुस्तक उचललं आन् चुलीजवळ जाऊन बसली. म्हणलं, 'येत्या आइतवारी खरं सांगा, नाई तं हे चुलीत घालते आन् तुमचं जेवणही बंद.' त्याईनं माह्या हातून पुस्तक घेतलं. मंग म्हणे, 'सांगतो.'

पुढचं आधीच सांगून टाकते. नत्थूजीचा पाट त्याच वैशाखात दुसऱ्या गावच्या बाईसंग लागला. फ्राक अण्णाजीनं कोणाले तरी देऊन टाकला. पण मले आठवते तो आइतवार.

नत्थूजी शेवटचं विचाराले म्हणून आष्टीवरून बैलगाडी घेऊन आलता. छपरीच्या कोपऱ्यात टोपी मांडीवर ठेवून बसला. शकू माह्यासंग दाराआड उभी होती. आमच्या घरच्याईनं काकाजीचे पाय धरले आन् सगळं सांगतलं. नाव आमी ठेवलं. काठी माही, बोली माही, बकऱ्या माह्या. पुस्तकात तो शिपाई मेला आहे. बोलता बोलता थे रडाले लागले. मी त्याईले पहिल्यांदाच रडताना पाह्यलं, आन् खरं सांगते, मले दया नाई आली.

काकाजी रागावले नाई. म्हणे, 'जसं लिहिलं आहे तसं वाचा.'

आमच्या घरच्याईनं पान काढलं, वाचलं आन् सांगतलं. ताप चढला. पाणी मागतलं. पहाडातल्या एका म्हातारीनं डोकं मांडीवर घेतलं. सकाळी मेला. तथीच पुरला.

'नाव काय लिहिलं आहे त्याचं?'

'हॅरिस.'

'कुठला?'

'विलायतेचा.'

'म्हणजे मेला तो हॅरिस,' काकाजी म्हणे. 'वाईट झालं. त्याच्या मायबापाले कळलं असंल न?' मंग म्हणे, 'पण मधुकरराव, मंग माहा पोरगा तं नाई मेला त्या झोपडीत.'

'काकाजी, तुमचा प्रेमदास या पुस्तकात नव्हताच.'

'थेच म्हणून राह्यलो मी. पुस्तकात नव्हता. मंग मेला म्हणून कोणी कुठं लिहिलं?' बुढ्याच्या तोंडावर एवढं समाधान मी कधी पाह्यलं नव्हतं. 'बकऱ्या चारत नसंल. दुसरं काही करत असंल.'

आता काय सांगायचं? एवढे आइतवार खोटं बोलून जो जिता ठेवला होता, तो खरं बोलल्यावर कायमचाच जिता झाला. नत्थूजी उठला, त्यानं टोपी घातली आन् काकाजीच्या पाया पडला. 'येतो जी,' म्हणे. दाराकडे त्यानं एकदा पाह्यलं. मंग बाहेर जाऊन बैल जुंपाले लागला.

गाडी वळणापर्यंत गेली तवा शकू छपरीत आली. एवढ्या वर्षांत ती कधी माणसाईच्या बैठकीत आली नव्हती. काकाजी तवर घरी गेलते. आमच्या घरचे पुस्तक मांडीवर पालथं ठेवून बसले होते. ती त्याईच्यासमोर उभी राह्यली, डोक्यावरचा पदर सारखा केला.

'भाऊजी,' ती म्हणे, 'अण्णाजीले तं बुडवलं होतं तुमी. लिहिलं होतं तसंच, त्याच आइतवारी, त्याच नावानं मारायचं होतं न मामाजीच्या पोराले. मामाजी रडले असते, आन् पुतळा जाळला असता.'

मंग ती खाली वाकली, कपबशा गोळा केल्या आन् मागच्या मोरीत धुवाले घेऊन गेली.