पुठ्ठ्याची खिडकी आणि गावची म्हाई

राजारामपुरीतल्या गुरुप्रसाद सरांच्या दहावीच्या उन्हाळी वर्गात सगळं मिळायचं, सुट्टी तेवढी मिळायची नाही. आणि गडमुडशिंगीच्या क्रांतीला मंगळवारची सुट्टी हवी होती.

“आमच्यात म्हाई हाय सर, गावदेवीची जत्रा, घरोघरी मटण. लगीन झाल्यापासनं आक्का पयल्यांदाच येणार हाय. एकच दिवस.”

“रविवारी बोलाव.”

“आक्काला सांगतो ओ, पर देवीला कोण सांगणार?”

वर्ग खदखदला. सर मात्र फळ्याशेजारच्या तक्त्याकडं वळले. एक ते शंभर आकडे, ओळीला दहा. त्यावर त्यांनी पुठ्ठ्याची खिडकी धरली. वर तीन घरं, मधल्या घराखाली आणखी दोन, एकाखाली एक. पाच आकडे आत, बाकीचे झाकलेले.

“पैज लावा सर,” क्रांती म्हणाली. “मी पाठ करून बसतो. तुमी निस्ती बेरीज सांगा, वरचा मधला आकडा मी सांगतो. आला तर मंगळवार माझा.”

“बस. अडीचशे.”

“चव्वेचाळीस.”

सरांचा चष्मा नाकावर घसरला. मागच्या बाकावरच्या तेजस्वीनं ठेका धरला. दोघींनी येता-जाता एसटीत जुळवलेलं गाणं होतं ते :

*एक उणा, एक जादा, शेजारी फिटले,*
*खाली दहा, खाली वीस, ओझं ते कुठले?*
*ओझं काढ तिसाचं, भाग लाव पाचाचा,*
*लपलेला आकडा माझ्याच हाताचा.*

“अस्सं!” सर गालात हसले. त्यांनी भिंतीवरची दिनदर्शिका काढली, मे महिना उघडला, टेबलावर आपल्याकडं तोंड करून उभी धरली, खिडकी ठेवली आणि घाईनं बेरीज केली. “आता सांग. अठ्ठ्याण्णव. आणि माझ्याकडून एक मदत, इथं ओळीला सात आकडे. ओझं एकवीस.”

अठ्ठ्याण्णवातून एकवीस गेले, सत्त्याहत्तर. पाचानं भाग जाईना. आक्का दारात उभी राहील, धाकटी कुठाय विचारील, एवढंच क्रांतीच्या डोळ्यांपुढं येत होतं.

घरी क्रांतीच तर रोज असल्याच दिनदर्शिकेपुढं उभी राहायची, मंगळवार मोजत. बोट ठेवायचं मंगळवारच्या ओळीवर आणि सरकवायचं... आडवं! वार डावीकडं, तारखा वरून खाली. खालचं घर म्हणजे पुढचा आठवडा नव्हे, फक्त उद्या.

“सर, तुमी मोबाईलमधली तारीख बघता व्हय?”

“का गं?”

“भिंतीवरच्या तारखा उभ्या उतरत्यात. शेजारी सात कमी, सात जास्त, ते फिटलं. खाली एक आणि दोन. ओझं तीनच.” ती थांबली. “एकोणीस.”

सरांनी खिडकीतून बघितलं. मग खिडकी बाजूला करून बघितलं. बारा, एकोणीस, सव्वीस. खाली वीस, एकवीस. इतकी वर्षं अशीच दिनदर्शिका भिंतीला होती, पण त्यांचं कधी लक्षच गेलं नव्हतं.

“शेजारची बारा तारीख दिसती न्हवं?” क्रांती हळूच म्हणाली. “तीच आमची म्हाई.”

“जा बाई,” सर म्हणाले. “पण बुधवारी आठला हजर.”

“बुधवारी उरलेला रस्सा असतोय सर. न्हाय जमणार.”

“नऊला!” सर ओरडले, आणि वर्गाचा आवाज रस्त्यावरच्या रिक्षांच्याही वर गेला.