सपाट रेघ

माझ्या धाकट्या भावानं माझ्या कात्रीनं पुठ्ठा कापला, त्या दिवशी मी ठरवलं की हा हात परत आणायचा. बाकीच्या शरीराची काळजी डॉक्टरांनी करावी. मला उजवा हात हवा होता, आणि कशाला हवा होता ते मी कुणाजवळ बोलणार नव्हते.

कापडाची कात्री कागदाला लावत नाहीत. शिंप्याच्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. धार जाते, आणि एकदा गेली की पहिल्यासारखी येत नाही. धाकट्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मी आता ती कात्री कधी धरणार नाही, अशी त्याची खात्री झाली होती, एवढंच.

आमच्या दुकानात वडिलांनी एक नियम घालून दिला होता. कापायच्या टेबलाशी कोण उभं राहणार हे वयावर ठरत नाही, मुलगा की मुलगी यावरही नाही. सगळ्या कारागिरांसमोर कोटाचा पुढचा भाग कापायचा, खडूच्या रेघेवरून, कात्री एकदाही न उचलता. जमलं तर टेबल तुमचं, आणि तुम्ही स्वतःच्या हातानं कात्री दुसऱ्याला देईपर्यंत तुमचंच. मी पहिल्या फटक्यात कापला होता. धाकट्यानं दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा बगलेच्या वळणावर कात्री उचलली. मग तो गिऱ्हाइकांशी गोड बोलायला लागला. त्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

मला झटका आला तोही टेबलाशीच. उजवी बाजू लुळी पडली. पुढे पायात बळ आलं, जिभेचं जडपण गेलं, पण हात मूठ वळून छातीशी बसला तो बसलाच. मी दवाखान्यातून परत आले, तर टेबलाशी धाकटा उभा! मला त्यानं मागच्या खोलीत खुर्ची दिली आणि मांडीवर बटणांचा डबा ठेवला.

"ताई, डाव्या हातानं निवडत बस. तेवढाच तुझा वेळ जाईल गं."

वेळ जाईल म्हणे! ज्याच्या शाळेच्या शर्टाची बटणं मी लावली, तो मला बटणं निवडायला बसवतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी बटणं निवडली. पांढरी एकीकडे, काळी एकीकडे, आणि त्याला एकेका बटणागणिक शिव्या.

व्यायाम करून घ्यायला एक फिजिओ होती. वयानं लहान, पण तोंडावर खरं बोलणारी. तिनं माझ्या हाताला, मनगट आणि कोपराच्या मध्ये, खालून आणि वरून चिकटपट्ट्या लावल्या, वायरी जोडल्या आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"मावशी, स्नायू हलायच्या आधी त्यात बारीकशी वीज खेळते. आपल्याला दिसत नाही, यंत्राला दिसते. ही वरची रेघ मूठ वळणाऱ्या स्नायूची, खालची मूठ उघडणाऱ्या स्नायूची. आता बोटं उघडा बघू."

मी जीव काढला. बोटं ढिम्म हलली नाहीत. पण खालच्या रेघेवर, पाणी उकळायच्या आधी बुडाशी एखादा बुडबुडा येतो ना, तेवढं काहीतरी उमटलं.

"दिसलं? जिवंत आहे तो!" फिजिओ ओरडलीच.

मी रडले वगैरे नाही. मी मनात म्हटलं, थांब रे धाकट्या, तुला दाखवते. आणि तेवढ्यात वरची रेघ जी उसळली, ती थेट स्क्रीनच्या टोकाला.

"आत्ता कसला विचार केलात?"

"भावाचा."

"काय केलं त्यानं?"

"माझ्या कात्रीनं पुठ्ठा कापला."

ती हसली. मग माझं तोंड पाहून तिनं खुर्ची जवळ ओढली.

"मावशी, इथेच गोची आहे. राग आला की तुमची मूठ आवळते. उघडणारा स्नायू बिचारा जोर लावतो, पण वळणारा त्याला दाबून टाकतो. वरची रेघ सपाट राहिली तरच खालचीचा उपयोग. खालची या खुणेपर्यंत चढली, की यंत्र हलका करंट देऊन बोटं उघडायला मदत करेल."

"म्हणजे रागावू नको?"

"रागवा हो. फक्त हाताला कळू देऊ नका."

हे मला पटलं. माफ करा, विसरून जा असलं काही ती बोलली असती, तर मी वायरी उपटून घरी गेले असते.

पण करायचं कसं? ती म्हणाली, शांत काहीतरी आठवा, नदीबिदी. मी नदी आठवली, तर नदीत धाकटा गटांगळ्या खाताना दिसला आणि रेघ पुन्हा आभाळाला. फूल आठवलं, तर त्यानं माझ्या कात्रीनं फूलही कापलं. आठवड्यामागून आठवडे गेले. फिजिओ काही कंटाळली नाही, मीच स्वतःला कंटाळले.

मग एके दिवशी बसल्याबसल्या मला रस्ता आठवला. धाकट्याला मी शाळेत सोडायची. रस्ता ओलांडताना तो माझं बोट घट्ट धरायचा, अगदी नखं रुतेपर्यंत. ते बोट आठवलं, तो इवलासा ओला पंजा आठवला. आणि रस्त्याच्या मधोमध, मनातल्या मनात, मी ते बोट सोडवून घेतलं. ढकललं नाही, ओरडले नाही. नुसतं सोडवून घेतलं आणि पुढे चालत गेले.

वरची रेघ खाली आली. खालची चढली, तिच्यासाठी आखलेल्या खुणेला लागली, यंत्रानं ठरल्याप्रमाणे हलकासा करंट दिला आणि माझी बोटं उघडली. इतक्या महिन्यांनी मी माझा तळवा पाहिला. घामानं मऊ आणि पांढरा पडला होता.

"अगं बाई! कसला विचार केलात?" फिजिओनं विचारलं.

"लहानपणीचा. भावाला शाळेत न्यायचे त्याचा."

"किती छान! रोज हाच विचार करा."

केला. अगदी रोज केला. पुढे करंट लागेनासा झाला. मग हातात कपड्यांचा चिमटा आला, मग छोटी कात्री. हात थरथरायचा, वेळ खूप लागायचा, पण बोटं उघडायची आणि मिटायची. दुकानात मात्र मी मूठ छातीशी धरूनच बसायची. निवडतेय आपली बटणं.

इकडे कारागीर कुजबुजायला लागले होते. ताईंनी कात्री दिलेली नाही, मग टेबल याचं कसं? धाकट्याच्या कानावर गेलं. माझ्या हाताचं काय ते एकदा बघावं म्हणून तो फिजिओकडे येऊन थडकला, कानाला फोन लावूनच. त्या वेळी स्क्रीनवर फक्त वरची रेघ होती, मोठी करून लावलेली. तो दारात दिसला आणि मी लगेच मनातल्या त्या रस्त्यावर गेले, माझं बोट सोडवलं. रेघ ताणलेल्या दोऱ्यासारखी सरळ.

"ही ताईच्या हाताची रेघ?"

"हो," फिजिओ म्हणाली.

"अगदीच सपाट आहे हो."

"हो ना, आणि तेच तर आपल्याला..."

पुढचं ऐकायला तो थांबलाच नाही. लहानपणापासून त्यानं कुणाचं वाक्य पुरतं ऐकलेलं नाही. जिन्यात फोनवर बोलताना मला ऐकू आला. "गेला, हात गेला. मशीनच सांगतंय." आवाजात दुःख होतं का? मी कान देऊन ऐकलं. नव्हतं.

दोन-चार दिवसांत त्यानं सगळ्या कारागिरांना टेबलाभोवती जमवलं. कोटाचं भारी कापड पसरलं होतं, खडूची रेघ आखून तयार. मी कात्री द्यायची आणि त्यानं लगेच कापून दाखवायचं, असा बेत. आमच्या दुकानातल्या इस्त्रीवाल्या काकांनी न सांगता माझ्या कात्रीला धार लावून आणली होती. त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली.

"ताईच्या हाताची रेघ सपाट आहे," धाकटा गळा दाटून आल्यासारखं करत म्हणाला. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. ताई, दे गं आता."

मी मूठ छातीवरून खाली आणली. बोटं उघडली. कात्री उचलली, पातं टेबलाला टेकवलं आणि रेघेवर चालायला लागले.

 पातं टेबलाच्या आधारानं सरकत होतं. नियमात वेळेबद्दल काही नव्हतं, म्हणून मी घाई केली नाही. बगलेचं वळण आलं आणि धाकटा माझ्या कानाशी वाकला.

"ताई, दमशील गं. राहू दे."

झालं! मूठ आवळली. पाती मिटली ती उघडेचनात. कात्री उचलली असती तर संपलं होतं सगळं, आणि ते त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं.  मी डोळे मिटले. रस्ता. ओला पंजा. माझं बोट. मी ते सोडवून घेतलं.

पाती उघडली. वळण पार झालं. कोटाचा तुकडा कापडापासून सुटून टेबलावर पडला आणि इस्त्रीवाल्या काकांनी दोन्ही हातांनी टेबल बडवलं.

मी मागच्या खोलीत गेले, बटणांचा डबा आणला आणि धाकट्याच्या हातात ठेवला.

"निवडत बस. तेवढाच वेळ जाईल."

त्याचा चेहरा पडला, आणि माझ्या काळजाला थंडावा मिळाला. खोटं कशाला बोलू? दुपारी सगळे जेवायला गेल्यावर तो आला. डोळे लाल होते, खरेच लाल होते. त्यानं माझा उजवा हात हातात घेतला. मग त्यातलं बोट धरलं, तेच, अगदी तसंच घट्ट.

"ताई, चुकलो गं मी. तुझ्याशिवाय कोण आहे मला?"

मी वाट पाहिली. वाटलं, आता मूठ वळेल, रागानं नाहीतर मायेनं, कशानं का होईना त्याला धरेल. हात शांत होता. इतके महिने मी त्या हाताला रोज एकच गोष्ट शिकवली होती.

बोटं उघडली. मी हात काढून घेतला आणि पुढचं कापड पसरलं.