झुल्यावरची धाकधूक

शब्दकोशवाले धाकधूक म्हणजे भीती, काळजी असं काहीतरी लिहून मोकळे होतात. त्यांना एकदा अकराव्या मजल्यावरून लोंबणाऱ्या झुल्यावर उभं करा आणि मग अर्थ विचारा.

उंच इमारतींना बाहेरून रंग देणारी ही तिघांची टोळी. दादा गच्चीवर मोटर सांभाळायचा. त्याचा धाकटा भाऊ आणि मेव्हणा तारेच्या दोरांना टांगलेल्या झुल्यात उभे राहून रंग मारायचे. कठडा ओलांडण्याआधी धाकटा विचारायचा, "धाकधूक?" तिघांपैकी एकानं जरी "आहे" म्हटलं, तरी त्या दिवशी झुला सुटायचा नाही. कारण विचारायचं नाही. मेव्हण्यानं एकदा मॅच बघायला "आहे" ठोकून दिलं होतं, हे दोघांनाही कळलं होतं. तरी विचारलं नाही.

मग नवा साहेब आला. "धाकधूक परीक्षेला बसणाऱ्या पोरांना होते," तो म्हणाला. "दोर तुटलाय? वारा सुटलाय? कारण सांगा, काम थांबवतो. पण हा शब्द पुन्हा ऐकला, तर तिघांनी घरी बसायचं."

तीन चुली त्या एका झुल्यावर पेटत होत्या. शब्द बंद झाला.

त्या सकाळी दादानं दोर चाचपले. धड. मोटर धड. वारा नावाला नाही. तरी धाकधूक होतीच. साहेब शेजारीच उभा.

धाकट्यानं कठड्यावर पाय टाकला आणि नुसत्या भुवया उडवल्या.

दादानं मान हलवली. नाही.

या टोळीत "आहे" खोटं निघालं होतं, "नाही" कधीच नाही. त्याच भरवशावर धाकटा झुल्यात उतरला, मागोमाग मेव्हणा. "सोडा आम्हाला!" तो ओरडला. "आणि तुमच्या बहिणीला सांगा, आज भांडायला उशीर होईल!"

झुला दोन मजले खाली गेला आणि दादानं उलटं बटण दाबलं.

"काय झालं?" साहेबानं विचारलं.

"धाकधूक."

"कारण?"

"नाही."

"मग चालू पडा तिघंही."

वर आल्यावर धाकट्याच्या सगळं ध्यानात आलं. तो हळूच म्हणाला, "मघाशी नाही म्हणालास, दादा. मी तुझ्या तोंडाकडे बघून उतरलो होतो."



आतल्या खोल्या रंगवणाऱ्या दोघांना साहेबानं वर बोलावलं. दादा त्यांना आडवा गेला. "आज नका उतरू."

"का हो काका, दोर गंजलाय?"

"नाही."

"मग?"

दादानं शब्द सांगितला. एकजण हसला. "ती मला लग्नाच्या आदल्या दिवशी झाली होती."

"आणि तरी बोहल्यावर चढलास, गाढवा," दुसरा म्हणाला, आणि दोघं हसत हसत झुल्यात उतरले. साहेबानं स्वतः बटण दाबलं.

तिघं जिन्यानं निघाले. जिन्याच्या प्रत्येक वळणावर खिडकी, आणि खिडकीबाहेर त्यांच्या बरोबरीनं उतरणारा झुला. त्यातला एकजण शीळ घालत होता.

"चल ना दादा, बघू नकोस," धाकटा म्हणाला.

पुढच्या खिडकीबाहेर झुला नव्हता. तिघं थांबले. धाकट्यानं खिडकीतून वाकून वर पाहिलं. झुला वरच कशाला तरी अडकला होता. शीळ बंद झाली होती. मोटर मात्र चालू होती आणि खिडकीबाहेर सैल दोर खाली येतच होता; झुला सुटला की तितकाच कोसळणार होता.

दादा वळला आणि जिना चढत धावत सुटला.