किल्लीवाल्याच्या मेंदूतली राखणदारीण

मी एक जुनी पेशी आहे, मित्रांनो. नाव मायक्रोग्लिया, काम मेंदूची राखण, मुक्काम एका किल्लीवाल्यांच्या मेंदूत. मालक आईच्या पोटात होते, तेव्हाच माझे पूर्वज इथे आले. मी स्वतः वीस वर्षांची. माझ्या नाजूक फांद्या सतत हलवत मी शेजारच्या चेतापेशी चाचपते आणि त्यांच्यातले निकामी जोड छाटते. मालकांच्या कानसकामासारखंच हे काम. एकदा जास्त घासलं, की किल्ली वाया!

गेल्या वर्षी डासाच्या चाव्यातून एक विषाणू शिरला आणि थेट मेंदूत पोचला. मालक तापाने फणफणले. चेतापेशींनी धोक्याचे रासायनिक निरोप धाडले. आम्ही फांद्या आखडून धावलो, बाधित पेशींचे अवशेष गिळले, रक्तातल्या लढाऊ टी पेशींना हाका मारल्या. माझ्या कितीतरी बहिणी त्यात खपल्या. इतकं शूर मी कुणी पाहिलेलं नाही. अकराव्या दिवशी विषाणू हटला.

पण आमचा हात थांबला नाही. लढाईच्या भरात आम्ही आठवणींचे चांगले जोडही छाटत राहिलो.

मालकांची लेक खाटेशी बसली होती. लाडाने ते तिला 'ढमी' म्हणत.

"बाबा, मी कोण?"

मालकांनी तिला निरखलं. "तुम्ही... नर्सबाई?"

"नर्सबाई तुम्हाला 'बाबा' म्हणाल्या असत्या का?" ती हसली, पण आवाज ओला होता.

मला माझीच लाज वाटली.

ती खचली नाही. रोज दुपारी कोरी किल्ली आणि कानस घेऊन यायची. "दुकान मी बघतेय. गिऱ्हाइकं म्हणतात, बापापेक्षा पोरगी बरी!" मग शेजारी बसून घासत राहायची. तोवर आम्हीही निवळलो, छाटणी थांबवली. चेतापेशी हळूहळू नवे जोड विणू लागल्या.

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी कानस खर्र खर्र चालली होती. मालकांनी कान टवकारले.

"अगं ढमे, किती घासशील? बास की आता! दात गेला किल्लीचा!"

कानस जमिनीवर पडली. किल्ली खरंच वाया गेली होती. लेक मात्र तीच छातीशी धरून बसली.

मित्रांनो, डासांपासून जपा. आणि अशा तापातून उठलेल्या माणसाला 'एवढंही आठवत नाही?' असं टोचू नका. त्याला झोप द्या, वेळ द्या. आत आमची आवराआवर चालू असते, आणि कानस कधी थांबवायची ते आम्हीही अजून शिकतोच आहोत.