झबल्यावरचे ठिपके

अनिताने गाठोडं कटिंगच्या टेबलावर आपटलं. सकाळी रोह्याच्या दुकानदाराकडे नेलेली दीडशे झबली दुपारी पुन्हा पेणच्या रामवाडीत, तिच्या शिवणाच्या शेडमध्ये परत आली होती. मशीनवरच्या तिघी बायका थांबल्या.

"नाय घेतली गो?" गिरजाबाईंनी विचारलं.

"डाग हायत म्हणतो. दुकानात लोक बाळासाठी पांढरंशुभ्रच मागतात म्हणे."

"डाग कुठले? सरकीची टरफलं नि पानाचा चुरा तो."

"हर्षदशेटला चारदा सांगितलं. सेंद्रिय कापूस, ब्लीच नाय, बाळाच्या अंगाला पुरळ येनार नाय. तो मान हलवतो नि ठिपक्यावर नख घासत बसतो."

रोह्याजवळच्या वरसे गावातल्या ब्लीचवाल्याला झबली न्यायला ती वाटेतच सांगून आली होती. पाच वाजता त्याचा टेम्पो येणार होता. तसल्या ब्लीचनंतर 'सेंद्रिय'चं लेबल ठेवता येणार नव्हतं. तिने प्रत्येकीसमोर एकेक ढीग सरकवला.

"लेबलं उसवा."

गिरजाबाईंनी ढिगाला हात लावला नाही. अकरा वर्षं त्या कापड ब्लीच करून रंगवण्याच्या एका कारखान्यात होत्या. त्यांच्या बोटांची सालं अजून निघत.

"मी नाय उसवनार."

"मग नका. मी उसवते."

पहिलंच लेबल ओढताना कापड टरकलं. अनिताने झबलं बाजूला फेकलं. कापडाच्या ठाणावरच्या चिठ्ठीत कापूस पिकवणाऱ्या गटाचा नंबर होता. तो तिने रागारागाने लावला. यवतमाळकडच्या एका गावात बायजाबाई नावाच्या बाईने फोन उचलला.

"कापसात एवढा कचरा कसा येतो?" अनिता ओरडलीच. "वेचताना बघत नाय काय?"



"यंदा आला जी," बायजाबाई म्हणाली. "पहाटे दवात वेचला की पान ओलं राहते, चिकटत नाही. ऊन चढलं की त्याचा चुरा होते. आधी माझ्या दोघी पोरी यायच्या संगं, सात वाजेस्तोवर वावर खाली व्हायचं. आता त्या शाळेत जातात. गटाचा नियमच हाय, लेकरं वेचायला न्यायची नाही. मंग मी एकटीच. दुपार होते."

अनिताने मघाशी फेकलेलं झबलं उचललं.

"लय खराब दिसते का?" बायजाबाईने विचारलं.

"नाय," अनिता म्हणाली. "बारीक ठिपके हायत."

"काय शिवलं त्याचं?"

"झबली. तान्ह्या बाळांची."

"बावीस वर्षं कापूस वेचते जी. त्याचं काय होते, आजच कळलं." बायजाबाई थोडी हसली. "मोठ्या माणसाचं बी शिवता का काही?"

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. अनिता फोन कानाला धरूनच दारापर्यंत गेली आणि ड्रायव्हरला हातानेच परत जायची खूण केली. तो वैतागून काहीतरी बोलला. दीडशे झबली आता कुणाला विकायची, हे तिलाही ठाऊक नव्हतं. ती आत आली, गिरजाबाईंच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी उभी राहिली.

"ब्लाउजचं माप सांगा," ती म्हणाली. "आधी खांदा."

"टेप नाही जी माझ्यापाशी."

"दोरीने मोजा. मी थांबते."