पावण्याच्या फेऱ्या

एक पत्र आलं होतं आणि पिराजीनं त्याला नऊ महिने उत्तर दिलं नव्हतं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं सांगण्याजोगं जे काही आहे ते त्या पत्रापाशी येऊन थांबतं, म्हणून आधी त्याचं नाव काढलं. नाहीतर मी कोण? उसाचा रस आटवून गूळ करायची एक जुनी काहील. रुंद, उथळ, लोखंडी. माझ्यासारखीनं स्वतःविषयी किती बोलावं, याची मला अजून खात्री वाटत नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

कोल्हापुरातल्या एका लोहारानं जाड पत्र्याचे तुकडे रिव्हेटनं जोडून मला घडवलं. गारगोटीच्या वाटेवरच्या एका गुऱ्हाळात मला चुलवाणावर बसवलं. खाली वाळलेली चिपाडं धडधडून पेटत आणि माझ्या पोटात रस उसळ्या घेई. पिराजी तिथला गुळव्या होता. रस कधी उतरवायचा हे ठरवणारा तोच. पाण्यात थेंब टाकून तो बोटांत फिरवायचा आणि मान हलवली की आठ माणसं मला बांबूंवर उचलत. ‘पिराजीच्या काहिलीचा गूळ’ असं लोक म्हणत. त्यात माझा वाटा किती आणि पिराजीचा किती, हे मी कधी नीट ठरवू शकले नाही, पण ऐकायला बरं वाटायचं.

सुरुवातीला ऊस गाळायला बैलांचा चरक होता. दोन बैल सकाळपासून गोल गोल फिरत आणि तिकडून रस येई. पिराजी त्यांच्याकडे बघत मोठा झाला. पुढे इंजिन आलं, बैल गेले.

एकोणीसशे शहाण्णव साली गुऱ्हाळ बंद पडलं. माझाही तळ पातळ होऊन भोकं पडली होती. पिराजीला शहराबाहेरच्या एका ट्रस्टच्या बागेत जनावरांची राखण करायचं काम मिळालं. तिथं दोन मोर होते, चार ससे होते आणि एक अस्वल होतं. ते एका खेळवाल्याकडून सोडवलेलं, नाकात दोरीचं भोक असलेलं अस्वल चार दिवसांसाठी म्हणून ठेवलं होतं, ते तिथंच राहिलं. त्याला पाणी प्यायला आणि अंगावर घ्यायला भांडं हवं होतं. पिराजीनं ट्रॅक्टरवर घालून मला तिथं नेलं, भोकं डांबरानं बुजवली आणि पिंजऱ्याच्या मधोमध ठेवलं.

तो अस्वलाला ‘पावणं’ म्हणायचा. दुसऱ्याच्या दारात येऊन राहिलंय, मग पावणंच की, असं त्याचं म्हणणं. रोज सकाळी नऊ वाजता तो नाचणीची लापशी, भाकरी, केळी आणि गुळाचा खडा असं ताट वाढून समोर ठेवी. कधी पाच मिनिटं उशीर नाही. पावणं ते ताट दहा मिनिटांत साफ करी.

आणि मग फिरायला लागे. माझ्याभोवती. बारा पावलं, कोपऱ्यावर मानेला एक झटका, पुन्हा बारा पावलं. संध्याकाळपर्यंत. फरशीवर त्याच्या पायांची गुळगुळीत वाट पडली होती. बघायला आलेल्या लोकांना पिराजी अभिमानानं सांगायचा, “बघा, पावणं कसं पाय मोकळं करतंय. तब्येत ठणठणीत हाय.” फिरणारं जनावर म्हणजे कामाचं, धडधाकट जनावर, हे त्याच्या डोळ्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं. मी मधे पडून मात्र घाबरून जायची. बैलांच्या फेऱ्यांतून निदान रस निघायचा.

लोक पिंजऱ्याशी थांबत, हसत, निघून जात. सहा वर्षं पावणं आणि मी असे होतो, हाताच्या अंतरावर, आणि एकमेकांचे कोणीच नव्हतो.

दोन हजार दोनच्या पावसाळ्याआधी गडहिंग्लजकडच्या एक डॉक्टरीणबाई आल्या. विद्याश्री त्यांचं नाव. जनावरांच्या डॉक्टर. पिंजऱ्यासमोर त्या दोन तास उभ्या राहून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, “मामा, ह्याला आयतं वाढू नका. लपवून ठेवा, पसरून टाका. शोधून खाऊ दे की.”

पिराजीचा चेहरा उतरला. “बाई, पावण्याला ढुंडाळून खायला लावायचं? आमच्यात तशी रीत न्हाय.”

“पण त्याच्यात आहे ना, मामा.”

महिन्याभरानं बाईंचं पत्र आलं. पावण्याला आतल्या खोलीत घालून पिराजी माझ्या काठावर बसून एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचायचा, म्हणून मला ते पाठ आहे. ‘अस्वल दिवसभर काय करतं, ते तुम्ही स्वतः बघून लिहा. आमच्याकडे झाडाझुडपांची मोठी जागा तयार होते आहे. एका अस्वलाची सोय होईल. पण ते तिथं सुखात नाही, असं त्याच्या राखणाऱ्यानं सांगितलं तरच मला पुढं विनंती करता येईल. गुढीपाडव्यापर्यंत वाट पाहते.’

उत्तर एका ओळीचं होतं. पण ते लिहायचं म्हणजे सहा वर्षं आपण वाढलेलं ताट फुकट गेलं, असं स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं. पिराजीनं पत्र घडी करून टोपीत ठेवलं.

त्या पावसाळ्यात माझं डांबर सुटलं. पाणी ठरेना, तेव्हा त्यानं पाण्याला दुसरी बादली आणली आणि मला तिथंच सोडून दिलं. कोणाच्या उपयोगाचं नसणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. वर उंबराचं झाड होतं. त्याचा पाला माझ्यात साठला, पिकलेली उंबरं पडून कुजली, मुंग्या आल्या, तळाशी वाळवी लागली. बाग झाडणाऱ्या बयाबाईला पिंजऱ्यात शिरायची भीती, त्यामुळे कोणी ते काढलं नाही.

एका सकाळी पावणं फिरता फिरता थांबलं. त्यानं नाक माझ्या काठावर टेकवलं. मग पुढचे दोन्ही पाय आत टाकून नखांनी पाला उपसायला लागलं. फुंकर मारून माती उडवी आणि ओठांची नळी करून वाळवी ओढून घेई. तो आवाज गुऱ्हाळातल्या इंजिनासारखा होता. मित्रांनो, माझ्या अंगावर इतक्या वर्षांनी कोणीतरी काम करत होतं.

नऊ वाजता पिराजी ताट घेऊन आला. पावण्यानं मान वर केली नाही. दहा वाजले, अकरा वाजले. ताटावर माश्या बसल्या.

“आज पावणं रुसलंय,” पिराजी म्हणाला.

“रुसलंय कुठलं, दाजी,” बयाबाई झाडू टेकवून म्हणाली. पिराजीची बायको तिच्या गावची, त्यामुळे ती त्याला थट्टेनं दाजी म्हणायची. “त्याला तुमच्या हातचं नगं झालंय. लई वर्सं गिळलं बिचाऱ्यानं.”

“तू तुझं झाडायचं बघ,” पिराजी खेकसला.

पिराजीला वाटलं, या घाणीत पावण्याला मुंग्या चावतील, पोट बिघडेल. दुसऱ्या दिवशी पावण्याला आतल्या खोलीत कोंडून त्यानं मला रिकामं केलं आणि विटकरीच्या भुकटीनं घासलं. गुऱ्हाळात घासायचा तसंच, मायेनं. मी लख्ख झाले. येणारी-जाणारी माणसं म्हणाली, काय चकचकीत ठेवलंय. पावणं बाहेर आलं, माझ्यात डोकावलं, आणि उरलेला दिवस बारा पावलं फिरलं. तसली स्तुती मला पुन्हा नको.

बयाबाई जाळीशी आली. “दाजी, पावण्याच्या फुडचं ताट काढून घेतलंसा की.”

या वेळी पिराजी तिच्यावर खेकसला नाही. तो माझ्या बाजूला, जाळीबाहेर, संध्याकाळपर्यंत बसून राहिला आणि पहिल्यांदाच त्यानं फेऱ्या मोजल्या. आठशेच्या पुढे त्यानं मोजायचं सोडलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं स्वतः माझ्यात पाला भरला. भाकरीचे तुकडे, केळी, गूळ त्यात खोल पुरले, वाळवी लागलेल्या फळ्यांचे तुकडे टाकले, उंबराखालची ओली माती आणली. पावणं दुपारपर्यंत शोधत राही. पण दुपारनंतर सगळं संपे, आणि ते पुन्हा फिरायला लागे. मी भरून भरून किती भरणार? माझ्या काठापलीकडे त्याच्यासाठी काहीच नव्हतं.

पिराजीच्या ते ध्यानात आलं. माझ्याही आलं. मला वाईट वाटलं, कारण नुकती कुठं मी कोणाच्या तरी उपयोगी पडत होते.

मित्रांनो, तुम्ही कधी पिंजऱ्यापुढे उभे राहिलात, तर जनावर गलेलठ्ठ आहे का, भांडी चकचकीत आहेत का, एवढंच बघून निघू नका. थोडा वेळ थांबा. ते काय करतंय ते बघा. त्याला करायला काहीच नसेल, तर ज्याच्या हातात काही आहे त्याला सांगा. सांगताना आपली चूक निघाली तरी सांगा.

पाडव्याला आठ दिवस राहिले होते. पिराजी आंतरदेशीय पत्र घेऊन आला आणि जाळीला पाठ टेकून लिहायला बसला. लिहून झाल्यावर सवयीनं त्यानं मोठ्यानं वाचलं.

“बाईंना नमस्कार. अस्वल दिवसभर फिरतं. मी त्याला तब्येत म्हणत होतो. ते इथं सुखात नाही. माझ्याच्यानं जेवढं झालं ते केलं, ते पुरत नाही. त्याला घेऊन जावा. त्याला गूळ आवडतो, पण हातात देऊ नका. पिराजी.”

“आणि तुमी काय करणार, दाजी?” बयाबाईनं विचारलं.

“ससं हायती की,” तो म्हणाला, आणि पत्र चिकटवलं.

बागेच्या फाटकाला टपालाची लाल पेटी आहे. माझ्या जागेवरून ती दिसते. पिराजी तिथवर गेला, पत्र पेटीच्या तोंडात सरकवलं आणि त्याची कड बोटांत तशीच धरून उभा राहिला. रस्त्यावरून एक एसटी गेली, मग दुसरी. पावणं माझ्यात डोकं खुपसून पाला उपसत होतं.

मग पिराजीनं बोटं सोडली.