मुकादम मचाणावर

"केळं! हे केळं आहे!" अंगणात बसलेली सून ओरडली, तशी पडवीतली सगळी माणसं एकदम कामाला लागली. सासूबाई झाडलेलं अंगण पुन्हा झाडू लागल्या. आबांनी गाईच्या दाव्याची चांगली घट्ट गाठ सोडली आणि परत मारायला घेतली. शेजारची काकू नुसती विचारपूस करायला आली होती, तिला अचानक घरी चुलीवर दूध ठेवल्याची आठवण झाली.

सुनेच्या मांडीवर तिचा सव्वा वर्षाचा पोरगा मान टाकून पडला होता. त्यानं ओकलेलं तिच्या साडीवर, मनगटावर, पायावर सांडलं होतं. आणि तिनं तर त्याला पाण्याशिवाय काहीच दिलं नव्हतं.

"मी विचारते, कुणी भरवलं याला केळं?"

"केळं कुठलं आलंय? पित्त पडलं असेल," सासूबाई खाली बघतच म्हणाल्या.

"पित्ताचे तुकडे पडतात का, आई?"

सासूबाईंचा झाडू आणखी जोरात चालू लागला. काकू तोवर कुंपणापलीकडं पोचली होती, आणि सालं बहुतेक तिच्याच पदरात होती.

या पोराला घरीदारी सगळे मुकादम म्हणत. त्याचं कारण त्याची चाल. पाय फुटल्यापासून त्याला एकच नाद लागला होता. मक्याच्या वावरात माणसं कामाला लागली की हा गडी पाठीमागं हात बांधून ओळीओळीनं फिरायचा, एकेकासमोर थांबायचा आणि तोंडाचा मोठा आ करायचा. त्यात काहीतरी पडल्याशिवाय मुकादम पुढं सरकत नसे. कुणी पेरूची फोड द्यायचं, कुणी कणसाचे कोवळे दाणे, कुणी आपल्या डब्यातला घास. बायांना त्याची भारी मौज वाटायची. काल काढणीचा पहिला दिवस होता, वावर माणसांनी भरलेलं, आणि मुकादमानं एकही ओळ सोडली नाही. रात्री पोट टम्म फुगलं. पहाटेपासून वरून आणि खालून, दोन्हीकडून सुरू झालं.

सकाळी उपकेंद्रातल्या नर्सबाई स्कूटीवरून येऊन गेल्या होत्या. बाई बोलायला फटकळ, पण हाताला मऊ. त्यांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. मग पुडीतली पावडर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवून दाखवली आणि घरातल्या सगळ्यांना समोर उभं करून सांगितलं, "हे पाणी द्यायचं. वाटी तोंडाला लावायची नाही, बाटली नाही. चमचा. एक चमचा दिला की थोडं थांबायचं, मग दुसरा. ओकला तर जरा जास्त थांबायचं आणि परत सुरू. आईचं दूध चालेल. बाकी उलट्या थांबेपर्यंत काही नाही."

"आणि औषध?" आबांनी विचारलं.

"हेच औषध. आणखी एक. याची शू बघत राहा. पहाटेपासून झाली नाही म्हणता ना? ऊन कलायच्या आत झाली नाही, किंवा पोर हाकेला बघेनासं झालं, तर माझी वाट बघू नका. सरळ मोठ्या दवाखान्यात न्या. मग सुईतून पाणी चढवावं लागेल."

सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. सासूबाईंनी तर सर्वांत जास्त.

केळ्याचा निकाल लागला नाही तो नाहीच. सुनेनं पोराचं तोंड पुसलं, जरा वेळ जाऊ दिला आणि परत चमचा हातात घेतला. एक चमचा गेला. राहिला. दुसरा गेला, तोही राहिला. तिच्या जिवात जीव आला. असे बरेच चमचे झाल्यावर ती अंगावरची घाण साडी बदलायला आत गेली. निऱ्या खोचत बाहेर येते तर पोरगं आबांच्या कडेवर, आणि त्याचा जबडा हलतोय.

"आबा!"

"मी काय केलं? नुसता कडेवर घेतलाय."

"मग तो चघळतोय काय?"

आबांनी उत्तर द्यायची गरज उरली नाही. मुकादमानंच ते आबांच्या सदऱ्यावर ओतलं. बिस्किट होतं, आणि त्याच्याबरोबर मघाचं सगळं चमचाचमचा साठवलेलं पाणी.

"त्यानं आ केला गं," आबा रडकुंडीला येऊन म्हणाले. "एवढा मोठा आ केला. पोटात कण नाही लेकराच्या, मी काय दगड आहे?"

"बरोबर आहे त्यांचं," सासूबाई मदतीला धावल्या. "मघापासून बघतेय मी. चमच्यानं पाणी पाजून कुठं पोर बरं होतं का? अंगात ताकद नको? मी सहा वाढवली, एकालाही असं उपाशी मारलं नाही."

"त्यातली किती ओकत होती, आई?"

"सगळी ओकायची! पोरं ओकतातच!"

नवरा मोटरसायकलची किल्ली बोटात फिरवत दारात उभा होता. आई बोलली की तो तिच्याकडं बघायचा, बायको बोलली की हिच्याकडं. "दोघींचंही खरंच आहे म्हणा," एवढंच तो म्हणाला आणि दोघींच्याही नजरेतून उतरला.

या भांडणाला भिऊन पोरगं रडायला लागलं. सुनेनं त्याला छातीशी घेतलं, गालावरून हात फिरवला, तर हात कोरडाच. पोरगं रडत होतं पण डोळ्यांतून टिपूस येत नव्हतं. ओठांवर पांढुरकी सालपटं धरली होती. खाली बांधलेलं फडकं हाताला कोरडं ठक्क लागत होतं. ती घाबरली, मनापासून घाबरली. आणि घाबरली तशीच तिची अक्कल एकदम लख्ख चालायला लागली. या घरात सगळ्यांचा जीव या पोरावर होता, आणि तेच त्याला आज भोवत होतं. कुणाकुणाच्या हातावर लक्ष ठेवणार? पाठ फिरली की घास तोंडात.

तिनं पाण्याचं भांडं झाकून नवऱ्याच्या हातात दिलं, चमचा कमरेला खोचला, पोराला काखेत मारलं आणि म्हणाली, "चला माझ्याबरोबर."

"दवाखान्यात?"

"वावरात."

मक्याच्या मधोमध मचाण होतं. रानडुकरं हाकायला बांधलेलं, चार उंच खांबांवर, वर बांबूंची पटई आणि गवताचं छप्पर. सून शिडीवरून पोरासकट वर चढली, भांडं वर मागून घेऊन नीट मांडी घालून बसली आणि खाली वाकून म्हणाली, "आता शिडी काढा."

"काय?"

"शिडी काढा म्हणते. काढून लांब ठेवा."

नवऱ्यानं उभ्या जन्मात पहिल्यांदा कुणाला न विचारता काम केलं. शिडी खांद्यावर घेतली आणि पार बांधाला नेऊन टाकली.

वर वारा छान होता. एक चमचा, मग थांबायचं. वाऱ्यानं मक्याची पाती सळसळायची ती पोरगं टकामका बघायचं. परत एक चमचा. तिनं त्याला जरा अंगावरही पाजलं. खाली मात्र बातमी पसरली होती की अमक्यांची सून पोर घेऊन मचाणावर चढून बसली आहे आणि उतरायला तयार नाही. कणसं मोडणाऱ्या बाया टोपल्या ठेवून आल्या. काकू आली, चुलीवरचं दूध बहुतेक उतू जाऊन संपलं असावं. आबा आले. सगळ्यांत शेवटी सासूबाई आल्या, धापा टाकत.

"खाली ये! लोक काय म्हणतील?"

"लोक इथंच आहेत, विचारून घ्या."

"माझा नातू आहे तो!"

"म्हणूनच वर आणलाय, आई."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पोरगं कडेला रांगत आलं आणि बांबूंच्या फटीतून खाली बघू लागलं. खाली त्याची सगळी ओळखीची गिऱ्हाइकं जमलेली. त्यानं सवयीनं आ केला. तशी खाली एक मोठी हळहळ उठली, आणि कितीतरी हात आपोआप कमरेकडं, पदराकडं, खिशाकडं गेले. पण मचाण उंच होतं. सुनेनं त्या आ मध्ये एक चमचा पाणी घातलं.

ऊन कलायला लागलं. मका पिवळा दिसू लागला. वर आल्यापासून पोरगं ओकलं नव्हतं, पण फडकं अजून कोरडं. ते तिनं सोडूनच टाकलं, म्हणजे कळेल तरी. नवरा मोटरसायकल बांधापर्यंत घेऊन आला होता. आता कुणी हसत नव्हतं. काकूनं हळूच कबूल केलं की केळं तिनंच दिलं होतं, अर्धंच.

"झाली का?" आबा मचाणाच्या बरोबर खाली येऊन, मान वर करून विचारत होते. जरा वेळानं परत, "झाली का गं?"

"नाही, आबा." तिनं चमचा परत कमरेला खोचला. "आता निघूया. शिडी आणायला सांगा."

आबा तसेच वर बघत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले, तोंड मिटलं, आणि त्यांच्या कपाळावरून, नाकावरून, मिशीवरून पाणी ओघळायला लागलं.

"अहो, बाजूला व्हा!" सासूबाई किंचाळल्या.

आबांनी हातानं सगळ्यांना थोपवलं. ओठ मिटूनच ते म्हणाले, "हलू नका कुणी. अजून येतंय."

वावरात एकच गलका झाला. बाया टाळ्या पिटू लागल्या. नवऱ्यानं मोटरसायकलची किल्ली हवेत उडवली, ती मक्यात कुठं पडली ते कुणी बघितलं नाही. वर सून पोराला कवटाळून हसत होती आणि ढसाढसा रडत होती, आणि मुकादम आपल्या कामगिरीकडं फटीतून गंभीरपणे बघत होता.

"शिडी लावू का आता?" नवऱ्यानं ओरडून विचारलं.

"लावा. पण वर येणाऱ्यानं आधी दोन्ही हात दाखवायचे."

खालच्या सगळ्यांनी हात वर केले. आबांनी ओल्या अंगानं, काकूनं खाली मान घालून, बायांनी खिदळत. सासूबाईंचा एकच हात वर होता.

"आई, दुसरा?"

सासूबाईंनी पदराखालचा हात काढला. तळव्यावर गुळाचा खडा होता. त्यांनी सुनेकडं बघितलं, नातवाकडं बघितलं. मग तो खडा आपल्याच तोंडात टाकला आणि दुसराही हात वर केला.